बारा चौकटींचे आरोंदेकर

माणसाला बूट काढायला लावून त्याच्या चेहऱ्याचा फोटो काढणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. पुरुषोत्तम आरोंदेकर. दिल्लीत ज्यांना फोटोतलं कळतं, त्यांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही. गवई, नर्तकी, न्यायाधीश, मंत्री, पैलवान, या शहरात मोठी झालेली कितीतरी माणसं आज आपल्या डोळ्यांपुढे येतात ती आरोंदेकरांनी दाखवली तशीच येतात.

आणि जिथे त्यांचा स्टुडिओ होता त्या करोल बागेतल्या गल्लीत हे नाव कुणालाही धड घेता येत नव्हतं. खाली गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं. तिथले सरदारजी त्यांना ‘अरोडाजी’ म्हणायचे. त्यांचं ऐकून चहावाला, कुरिअरवाला, सगळी गल्लीच अरोडाजी म्हणायची. एकदा मी चिडून म्हटलं, “काका, तुम्ही दुरुस्त का नाही करत हो?”

“अगं, प्रेमाने हाक मारतायत ना? मग ओ द्यावी,” ते म्हणाले. “पंजाबी जिभेला आरोंदा झेपत नाही, त्याला ते तरी काय करणार?”

मी असते तर जिन्यात हातभर पाटी लावली असती. माझा स्वभाव तसाच आहे, तडक. चुकलेलं दिसलं की हात शिवशिवतात. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळतो असंच म्हणा ना. ही सवय ऑफिसातच ठेवून घरी यायला हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं. ते कळलं आरोंदेकर काकांमुळे. म्हणून हे लिहायला घेतलंय.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती सरकारी कामानेच. आमचे मोठे साहेब निवृत्त होणार होते आणि व्हरांड्यातल्या भिंतीवर त्यांचा फोटो लागायचा होता. साहेबांचा दराराच असा, की त्यांची लिफ्ट खाली येतेय म्हटलं की आम्ही जिन्याने चढायचो. गाडीतून उतरतानाच त्यांनी मला बजावलं, “दस मिनट. बस.” आम्ही दोन मजले चढून गेलो तर दारातच खादीचा सदरा घातलेला, अनवाणी, किडकिडीत म्हातारा उभा. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“साहब, जूते बाहर. पाँव हलके होंगे तो मुँह भी हलका होगा.”

मी डोळेच मिटले. म्हटलं, गेली माझी बढती. पण साहेबांनी मुकाट्याने बूट काढले. उजव्या मोज्याला भलंमोठं भोक, आणि त्यातून अंगठा बाहेर. काकांनी अंगठ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि विचारलं, “मैडम मायके गई हैं क्या?”

“नहीं रहीं,” साहेब म्हणाले. “दो साल हुए.”

काका ‘अरेरे’ म्हणाले नाहीत, ‘सॉरी’ म्हणाले नाहीत. “मेरी को ग्यारह,” एवढंच बोलले आणि चहा सांगितला. मग ते दोघं म्हातारे, मोजे कपाटात कुठल्या खणात असतात हे आपल्याला कसं कधीच माहीत नव्हतं, यावर अर्धा तास बोलत बसले. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर घड्याळाकडे बघत होते. कॅमेरा तोवर टेबलावर झाकलेलाच होता.

तो फोटो आजही आमच्या व्हरांड्यात आहे. ओळीने लावलेल्या सगळ्या साहेबांमध्ये हे एकटेच साहेब कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखे दिसतात. नवीन आलेली पोरं विचारतात, “ये सर बहुत सीधे थे क्या?” आम्ही जुने लोक खोकतो.

काकांची कामाची रीत ठरलेली. स्टुडिओत उत्तरेला एक मोठी खिडकी होती, तेवढाच उजेड. फ्लॅश नाही, उजेड पसरवणाऱ्या छत्र्या नाहीत. “उत्तरेचा उजेड चुगलखोर नसतो,” असं ते म्हणायचे. कॅमेरा जुना, दोन डोळ्यांचा, पोटाशी धरून वरून आत बघायचा. रोल बारा फोटोंचा. समोर कुणीही असो, बारा म्हणजे बारा. तेरावा हवा असेल तर पुन्हा यायचं. त्या कॅमेऱ्याची एक गंमत होती. फोटो काढणाऱ्याला समोरच्या माणसापुढे मान खाली घालावीच लागायची. काका त्यावर खूश असायचे. म्हणायचे, “कुणाच्या चेहऱ्याकडे एवढं टक लावून बघायचं, तर आधी जरा वाकलेलं बरं.”

आणि मग बारा फोटोंचे बारा छोटे ठसे एका कागदावर काढून तो कागद ते माणसापुढे ठेवत. सोबत एक भिंग आणि एक लाल पेन्सिल. ज्याचा चेहरा त्यानेच निवडायचा. ज्यावर खूण होईल तोच फोटो मोठा करायचा, बाकीचे अकरा कुणालाही दाखवायचे नाहीत. एका नावाजलेल्या गायिकेने म्हणे बाराच्या बारा नाकारले होते. काकांनी ते पाकिटात बंद केले आणि तिला खाली रिक्षापर्यंत सोडून आले. दोन वर्षांनी ती स्वतःहून परत आली, तेव्हाचा तो सगळ्यांना माहीत असलेला फोटो. ती गात नाहीये, तंबोरा नाही, दागिना नाही. बशीतल्या चहावर फुंकर मारतेय. गालांचा चंबू झालाय. पण मी तो फोटो जेव्हा जेव्हा बघते, तेव्हा मला तिचा दमसास दिसतो. बाईने जन्मभर श्वासावर काम केलंय हे त्या एका फुंकरीत कळतं. हे कसं साधतं? मी एकदा विचारलं. “मी काही केलं नाही. चहा गरम होता,” काका म्हणाले.

त्यांना संतापलेलं मी एकदाच पाहिलं. साहेबांचा फोटो आणायला मी शनिवारी गेले, तर स्टुडिओत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी मुलामुलींची रांग लागलेली. फॉर्म भरायच्या दिवसांत काका त्यांचे पासपोर्ट फोटो काढून द्यायचे, तेही फुकट, आणि प्रत्येकाला तेवढाच वेळ देऊन. न्यायाधीशाला जी खुर्ची तीच खुर्ची. त्यात जालन्याची शबाना नावाची मुलगी होती, काळीसावळी, तरतरीत. तिने आधीच्या वर्षी बाजारातल्या दुकानातून फोटो काढून घेतला होता. त्या दुकानदाराने न विचारता, तिचं भलं करतोय अशा थाटात, कॉम्प्युटरवर तिला गोरीपान करून टाकली. परीक्षेच्या दिवशी तपासणारा माणूस एकदा फोटोकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिला. सगळ्या वर्गासमोर तिला उभं केलं, दोन-दोन ओळखपत्रं तपासली.

“पेपर देऊ दिला, पण काका, पहिला अर्धा तास मला काही वाचताच येईना,” ती म्हणाली.

तिने तो जुना फोटो दाखवला. काकांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. “हे कोण? हिच्या आईने तरी ओळखलं असतं का हिला? चेहरा काय भिंत आहे, चुना फासायला?” मग एकदम मऊ होऊन तिला म्हणाले, “बस बाळ. चप्पल काढ. जालन्यात यंदा ऊन कसंय?”

हे सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, कानांनी ऐकलं होतं. तरी मी पुढे जे केलं ते केलंच. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी कुठली शहाणी!

माझी आई, कुसुमताई देशमुख, अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्तीनंतर एका सकाळी उठली तर तोंडाची डावी बाजू लुळी. डॉक्टर म्हणाले चेहऱ्याचा लकवा आहे, बहुतेकांचा बरा होतो. आईचा झाला नाही. डावा डोळा नीट मिटेना, ओठाचं टोक खाली ओढलेलं, बोलताना शब्द कडेने सांडल्यासारखे. मी तिला दिल्लीला, लक्ष्मीबाई नगरच्या माझ्या क्वार्टरमध्ये घेऊन आले. घरात आम्ही दोघीच. आईने पदर डाव्या गालावर ओढला आणि डाव्या हाताने धरला, तो धरलाच. चार वर्षं. दार उघडायची नाही, खाली उतरायची नाही. व्हिडिओ कॉल आला की फोन आडवा ठेवायची, त्यामुळे अकोल्याच्या नातेवाइकांना चार वर्षं आमचा छताचा पंखाच तेवढा दिसत होता. जिच्या आवाजावर अख्खा जिल्हा जोडलेला असायचा ती बाई दिवस दिवस गप्प बसायची. मला तिची भीती वाटायला लागली होती. अशीच ही एका खोलीत विझून जाईल, असं वाटायचं.

म्हणून मी काकांकडे गेले; त्या शनिवारपासून माझं तिथे येणं-जाणं होतं, आईबद्दल त्यांना ठाऊक होतं. म्हटलं, “आईचा एक छान फोटो काढा. उजव्या बाजूने काढा, म्हणजे कळणार नाही. थोडंफार राहिलं तर कॉम्प्युटरवर ओठ सरळ करता येतो ना? चांगला फोटो बघून तिला धीर येईल.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “कुसुमताईंनी सांगितलंय हे?”

“नाही, पण…”

“मग त्यांचा ओठ तू का सरळ करतेयस?”

मला असा राग आला! मी तिच्या भल्यासाठी मरमर करतेय आणि हे मलाच शिकवतायत. “राहू द्या,” म्हणून मी तरातरा जिना उतरले. खाली सरदारजी म्हणाले, “क्या हुआ बेटा, अरोडाजी ने फोटो अच्छी नहीं खींची?” मी न थांबता गल्लीतून बाहेर पडले.

पुढच्याच रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काका. कॅमेरा नाही. हातात दोन किलो मटार. “स्वस्त मिळाले. उन्हात बसून सोलावेत म्हटलं,” असं म्हणत चपला काढून थेट आमच्या गॅलरीत जाऊन बसले. दिल्लीच्या थंडीत उन्हाला नाही कोण म्हणणार! आई केव्हाच आतल्या खोलीत पळाली होती. काका एकटेच सोलत बसले आणि इतकं वाईट सोलत होते की निम्मे दाणे गॅलरीभर.

“कुसुमताई,” ते आतल्या दिशेने मोठ्याने म्हणाले, “आम्ही कोकणातली माणसं. नारळ सोलायला सांगा, मटार आम्हाला जमत नाहीत.”

पडद्याआडून आई बराच वेळ बघत होती. शेवटी राहवेना तिला. “शेंग उलटी धरलीये तुम्ही,” ती म्हणाली. आणि बाहेर आली. डाव्या हातात पदर, उजव्या हातात शेंग. एका हाताने मटार सोलून बघा कधी. दोन शेंगा झाल्या, तिसरी हट्टी निघाली, आणि आईने दोन्ही हात लावले. पदर खांद्यावर आला. काकांनी मान वर केली नाही. ते आपले सांडलेले दाणे गोळा करत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे धरून तशीच उभी.

असे तीन रविवार झाले. आम्ही मटार भात, मटार उसळ, मटार पराठे करून थकलो. तिसऱ्या रविवारी पिशवीत मटारांबरोबर कॅमेराही होता. काकांनी तो लपवला नाही, मधोमध ठेवला आणि म्हणाले, “हा माझा धंदा. तुम्ही हो म्हणालात तर. नाहीतर मटार आहेतच.” आईने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि पुढची शेंग उचलली. पदर ओढला नाही.

मग एक्स्चेंजच्या गोष्टी निघाल्या. कुणाचा कॉल कुणाला जोडला, कुठल्या पोरीचं लग्न तारेवरच कसं मोडलं आणि आईने मध्ये पडून ते कसं जुळवलं. काका म्हणाले, “कामावर बोलायचात तसं एकदा म्हणून दाखवा ना.” आई ताठ बसली. घसा साफ केला. “नंबर प्लीज,” म्हणाली, पण ‘प्लीज’ ओठांतून नुसती हवा होऊन निघालं. तिचा चेहरा पडला. काका मान खाली घालून कॅमेऱ्यात बघत होते. तसेच म्हणाले, “हॅलो, ताई? लाइन खराब आहे हो. पुन्हा लावा.”

आणि आई हसली. चार वर्षांत पहिल्यांदा, खळखळून, उजवीकडे सगळे दात आणि डावीकडे काहीच नाही, असं हसली. खटका वाजलेला मला ऐकूही आला नाही.

ठसे बघायला माणसाने स्वतः स्टुडिओत यायचं, हा काकांचा नियम. मला वाटलं आई नाही म्हणेल. ती तयार झाली, पदर धरून कॅबमध्ये बसली, दोन मजले चढली. काकांनी कागद, भिंग आणि लाल पेन्सिल तिच्यापुढे ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी आईच्या खांद्यावरून बघत होते. चौथा फोटो मला लगेच आवडला. उजवी बाजू, खाली बघणारी, शांत. काही म्हणजे काही कळत नव्हतं. आईने भिंग सगळ्या बारांवरून दोनदा फिरवलं आणि नवव्यावर लाल खूण केली. हसतानाचा.

“आई, अगं, त्यात तोंड केवढं वाकडं दिसतंय!”

माझ्या तोंडून निघून गेलं. चार वर्षांत आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. मी खालचा ओठ चावला, पण आता काय उपयोग?

आई माझ्याकडे वळली. रागावली नव्हती. “वाकडं आहे ते,” ती म्हणाली. “दिसणारच. तू मात्र कोणी यायचं असलं की ‘आई, पदर’ म्हणतेस ना, तेव्हा मला जास्त वाकडं वाटतं.”

खरं होतं. बेल वाजली की मीच म्हणायचे, ‘आई, पदर.’ तिला बरं वाटावं म्हणून म्हणतेय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. जी लाज आईला वाटत होती, ती मीच रोज थोडी थोडी तिच्या ताटात वाढत होते. त्या स्टुलावर बसून मी ढसाढसा रडले. काकांनी पाण्याचा ग्लास आणून दिला आणि म्हणाले, “बरं झालं, बोलून टाकलंस. आता दोघींनी चहा घ्या.” उपदेशाचा एक शब्द नाही. मला तो माणूस याच्यासाठी फार फार मोठा वाटतो. फोटो तर मोठे आहेतच.

तो फोटो मी हजारदा पाहिला असेल. आता मला त्यात वाकडं तोंड दिसत नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. दिसतं. पण डावीकडच्या त्या स्तब्ध गालामुळे उजवीकडचं हसू किती लांबून चालत आलंय हेही दिसतं. सरळ चेहऱ्याचं हसू आपण बघतो आणि विसरतो. हे नाही विसरता येत. नातेवाइकांना पंख्याऐवजी आई दिसायला लागली. ती संध्याकाळी खाली बाकावर जाऊन बसायला लागली. तिथे अजून पदर धरायची, पण जायची.

या वर्षी थंडी सरता सरता काकांनी स्टुडिओ बंद केला. गुडघे जिना चढू देईनात. गुरुग्रामला लेकीकडे राहायला जायचं ठरलं. एका संग्रहालयाने त्यांचं सगळं काम मागितलं होतं, कायमचं जपून ठेवायला, लोकांना दाखवायला. कुणीही उड्या मारत दिलं असतं. काका म्हणाले, चेहरे माझे नाहीत, मी कसे देऊ? आणि काठी घेऊन, खांद्याला पिशवी लावून, मेट्रोने दिल्लीभर फिरून ज्याची निगेटिव्ह त्याला परत करायला लागले. माणूस हयात नसेल तर मुलांना. कुणी आपणहून पुन्हा हातात ठेवली, तरच ती संग्रहालयात जाणार.

आमच्याकडे आले तेव्हा दार आईने उघडलं. काकांनी पाकीट तिच्या हातात दिलं, संग्रहालयाचं सगळं नीट सांगितलं. “घाई नाही, कुसुमताई. विचार करा. आठवड्याभरात फोन केलात तरी चालेल. नाही म्हणालात तरी मला काही वाटणार नाही.”

मी लगेच मध्ये तोंड घातलं. “काका, घरीच असू दे ना. आमचीच तर आठवण आहे. परक्या लोकांनी येऊन उगाच…”

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाकीट उघडून ती निगेटिव्ह तिने उजेडात धरली, परत आत सरकवली आणि काकांपुढे केली.

“घरात ठेवून काय करू?” ती म्हणाली. “घरात मी आहेच. तिथे लावा. आणि खाली नाव लिहा. कुसुम देशमुख, टेलिफोन ऑपरेटर, अकोला.”

काकांना पाकीट पिशवीत घालायला बराच वेळ लागला. “येतो,” एवढंच म्हणाले आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. आई गॅलरीत गेली. काका खालच्या रस्त्यावर उलट्या दिशेला वळत होते. “आरोंदेकर!” आई वाकून केवढ्याने तरी ओरडली. “तिकडे नाही! रिक्षा मेन गेटवर मिळेल!” शब्द थोडे सांडले, पण आवाज पार गेटपर्यंत गेला. काकांनी मागे न बघता काठी वर केली आणि गेटाकडे वळले. समोरच्या इमारतीतल्या दोन-तीन बायकांनी चमकून आमच्या गॅलरीकडे पाहिलं. आई तिथेच, कठड्यावर दोन्ही हात ठेवून, काका दिसेनासे होईपर्यंत उभी राहिली.